नऊ मिलिमीटर

१

त्या वर्षी आमच्या घरात कुकरच्या शिट्ट्या फार व्हायच्या, पण जेवण वेळेवर नसायचं. मी प्लायवूड शिजवत होते.

हसू नका. मी स्वयंपाकघरातली कपाटं बनवते, चोवीस वर्षं झाली. आमचं वर्कशॉप कालव्याला पाठ करून उभं आहे, आणि चोवीस वर्षं मी कालव्याच्या काठावर बसून, दुसऱ्यांच्या होड्या बघत डबा खाल्ला. एके दिवशी डबा संपला, झाकण लावलं आणि म्हटलं, आपण का नाही? एवढंच. मोठा विचार वगैरे काही नव्हता. मोठा विचार मला झेपत नाही.

माझा थोरला भाऊ होड्या बांधतो. खऱ्याखुऱ्या, पत्र्याच्या, वेल्डिंगच्या. दादाला विचारलं तर तो म्हणाला, पत्रा घे, मी कापून देतो, आणि लाकडाच्या नादाला लागू नकोस, कपाटं पाण्यावर जात नाहीत. मी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी प्लायवूड बघायला गेले.

सगळे दुकानदार सांगतात, ताई, वॉटरप्रूफ आहे. मी प्रत्येकाकडून तळहाताएवढा तुकडा मागून आणला, मागे पेन्सिलीने दुकानाची खूण केली आणि कुकरमध्ये टाकला. चार तास शिजवायचा, वाळवायचा, परत चार तास. पहिल्या दुकानाचा तुकडा दुसऱ्याच दिवशी वहीसारखा उघडला. दुसऱ्याचे कडेने पापुद्रे सुटले आणि घरभर असा वास सुटला की नवऱ्याने ताटावर बसताना विचारलं, आज काय आहे? तिसरा तुकडा मात्र गेला तसा बाहेर आला. त्यात पटाशी घालून पिरगाळला, तर लाकूड फाटलं पण गोंद सुटला नाही. तो तुकडा मी नवऱ्याच्या ताटाशेजारी नेऊन ठेवला.

माझा नवरा चष्म्याच्या दुकानात काम करतो. दिवसभर लोकांना 'आता कसं दिसतंय' विचारून घरी येतो, त्यामुळे घरी फारसं बोलत नाही. त्याने चष्मा कपाळावर चढवून तुकडा अगदी जवळून पाहिला.

"छान आहे," म्हणाला.

लग्नाच्या बावीस वर्षांत माझ्या कुठल्या भाजीला हे मिळालेलं नाही.

२

शीट निवडायला गेले तेव्हा दुकानातले सगळे कामगार माझ्याभोवती जमले. मी प्रत्येक शीट उभी करून बोटाच्या पेराने वाजवत होते. आत कुठे पोकळी असली की आवाज बदलतो. भरीव असली की थोडा जाड, जवळून आल्यासारखा येतो. चौदा वाजवल्या, तीन परत केल्या. त्यातली एक दुकानदाराने करवतीवर टाकून बघितली. मी खूण केली होती तिथेच आत करंगळी जाईल एवढी फट निघाली. तेव्हापासून मी तिथे टकटकबाई आहे. मला चालतं.

फासळ्यांसाठी सरळ रेषेचं, गाठ नसलेलं लाकूड घेतलं, एकेक पट्टी उन्हात धरून. स्क्रू पितळी. लोखंडी स्वस्त पडले असते, पण लोखंड आतून गंजतं आणि वरून हसत राहतं. अशा माणसांचा मला अनुभव आहे. गोंद दोन डब्यांतला, मिसळला की चाळीस मिनिटांत लावून संपवायचा. ती चाळीस मिनिटं माझ्याशी कुणी बोलायचं नाही असा नियम होता, आणि तो फक्त लेक मोडायची.

लेकीला आम्ही मुंगी म्हणतो. एकोणीस वर्षांची, शेहेचाळीस किलो, आणि जिभेला धार. वर्कशॉपमागच्या शेडमध्ये ती स्टुलावर बसून नखं कुरतडत बघायची आणि म्हणायची, आई, हे कपाटच आहे, फक्त चक्कर येऊन आडवं पडलंय. पण पहिल्या फेरीला पुढच्या फळीवर आपणच बसणार, हे तिने फासळ्या उभ्या राहायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. पावसाळ्यानंतर ती शिकायला दूर जाणार होती. ही होडी मी कुणासाठी बांधत होते, हे मी तिला सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. आमच्यात तसं चालतं.

तिच्यासाठी पुढची फळी जरा खाली बसवली. तिचे पाय टेकत नाहीत.

३

आता माझी चूक सांगते. कपाट बनवणारा माणूस आधी रेघ मारतो, मग हत्यार उचलतो. मापाशिवाय आमचा हात हलत नाही. होडी सुताराच्या लाकडी घोड्यांवर सुलटी ठेवली, पांढरा प्रायमर वाळला, आणि मी हिशोब मांडला: तळ एवढा लांब, एवढा रुंद, म्हणजे पन्नास किलोला ती एक सेंटीमीटर खाली बसणार. घरातल्या सगळ्यांना वजनकाट्यावर उभं केलं. मग होडीच्या पोटावर, बाहेरून, पेन्सिलीने रेघा मारल्या. सगळ्यात खाली रिकामी होडी. त्याच्यावर पंधरा मिलिमीटर, नवरा. त्याच्यावर नऊ, मुंगी. त्याच्यावर चौदा, मी. माझ्यापुढे किलो लिहिले नाहीत. शेडमध्ये लोक येतात-जातात.

दादा एका दुपारी बघायला आला. त्याने तळहात फिरवला, सांधे नखाने खरवडले, खाली आडवा होऊन टॉर्च मारला. पाऊण तास तो चूक शोधत होता. ती सापडेना, तसा त्याचा चेहरा पडत गेला, आणि मला जो आनंद झाला तो थोरल्या भावाबद्दल होऊ नये असा होता. मग त्याला रेघा दिसल्या.

"ह्या पूस," तो म्हणाला.

"का?"

"होडी पाण्यात उतरली की पाणी सांगतं रेघ कुठे ते. आधी मारायची नसते."

मी विचारलं, मारली तर काय होतं? तो म्हणाला, काय होतं ते मला माहीत नाही, आम्ही कुणीच मारत नाही. मी म्हटलं, तुमच्याकडे गणित कच्चं असेल. तो हसला नाही. जाताना परत एकदा रेघांकडे बघून गेला.

मी पुसल्या नाहीत. गणित बरोबर होतं.

४

चार दिवसांनी सकाळी शेड उघडली. रोजच्यासारखं शटर अर्धं वर, दिवा, पंखा, चहाचा थर्मास कडाप्प्यावर. कालच्या भुशाचा वास. आणि त्यात दुसरा एक वास, कालव्याचा. पण कालवा भिंतीपलीकडेच आहे, म्हणून लक्ष दिलं नाही.

होडीच्या पांढऱ्या पोटावर एक ओली, हिरवट रेघ होती. सगळीकडून, गोल. खालच्या पेन्सिलीच्या रेघेवर अगदी बरोबर बसलेली.

पहिला विचार, शेडमध्ये पाणी शिरलं. जमीन कोरडी होती. भुसा जसाच्या तसा, त्यात माझ्याच चपलांचे ठसे. तरी म्हटलं, आलं असेल आणि ओसरलं असेल. मग एक गोष्ट लक्षात आली आणि मी पाणसळ काढली. आमच्या शेडची जमीन नाल्याकडे उतरती आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत चांगली चार इंच. घोड्याही तशाच उतरत्या, होडीही. म्हणजे शेडमध्ये पाणी साठलं असतं तर त्याची रेघ होडीवर तिरपी पडली असती. ही रेघ तळाशी समांतर होती. दोन्ही बाजूंनी मोजली. मिलिमीटरचाही फरक नव्हता.

म्हणजे पाणी तिच्याकडे आलं नव्हतं. ती पाण्यावर गेली होती, आणि जिथे कुठे गेली होती, तिथे सरळ तरंगली होती.

खरं सांगते, भीती नंतर वाटली. आधी मला वाटलं, बघ दादा.

फडक्याने रेघ पुसली. हाताला बारीक शेवाळ लागलं.

५

दुसऱ्या दिवशी रेघ पंधरा मिलिमीटर वर होती. तिसऱ्या दिवशी आणखी नऊ. चौथ्या दिवशी आणखी चौदा, माझ्या पेन्सिलीवर.

मी तर्कशुद्ध बाई आहे, निदान ग्राहकांसमोर. प्रायमरमध्ये दमट हवा धरली असेल, पेन्सिलीच्या शिशावर बुरशी आधी चढत असेल, असं सगळं स्वतःला सांगून झालं. डब्यावरचा नंबर लावून रंगाच्या कंपनीलाही विचारलं. तिथली मुलगी म्हणाली, मॅडम, बुरशी सरळ रेषेत येत नाही. फार गोड आवाजात म्हणाली.

शेडच्या शटरला मी दुसरं कुलूप लावलं. सकाळी दोन्ही कुलपं तशीच असायची.

त्या दुपारी डबा घेऊन मी होडीतच जाऊन बसले, मागच्या फळीवर, माझ्या जागेवर. भर दुपार होती, बाहेर कुणीतरी करवत चालवत होतं. पोळीचा तुकडा मोडला आणि करवत थांबली. त्या शांततेत मला पायांखालून आवाज आला. चुबुक. मग जरा थांबून, चुबुक. होडी काठाला लावली की तिच्या पोटाखाली पाणी करतं तो आवाज. चोवीस वर्षं ऐकलाय, चुकायचा नाही.

वाकून हात खाली घातला. हवा. घोडीचं लाकूड, कोरडं. हात तिथे असेपर्यंत आवाज नव्हता. हात वर घेतला की, चुबुक.

आवाज जाड होता, भरीव. कुठेही पोकळ नाही. भीतीने माझ्या अंगावर काटा आला होता आणि त्याच वेळी डोक्यात कुणीतरी म्हणत होतं, बाई, काय प्लाय निवडलायस.

पाचव्या सकाळी रेघ खाली आली होती.

तीनदा मोजली. स्टीलच्या पट्टीने, मग टेपने, मग परत पट्टीने. नऊ मिलिमीटर.

नवरा पंधरा. मी चौदा. नऊ एकच होतं.

कुणीतरी चढलं की होडी खाली बसते. उतरलं की वर येते. उतरायला काठ असतो. आणि काठ नसला तरी होडी तेवढीच वर येते. हे मला कुणी सांगायला नको होतं, ते गणित माझंच होतं. मी भुशात बसले, मुंगीच्या स्टुलाला टेकून.

शहाण्या बाईने त्या दिवशी होडी फोडली असती. मी रंगाचा दुसरा हात दिला. सगळ्या रेघांवर, पेन्सिलीच्या आणि ओल्या, दोन्ही. एकच ठरवलं: मुंगीला त्यात बसवायचं नाही.

६

कालव्याचा तपासनीस वर्षातून एकदाच येतो. होडी पाण्यात घालायची, माणसं बसवायची, पुलापर्यंत जाऊन परत यायचं. सरळ तरंगली तर नंबर मिळतो आणि काठाला बांधायला जागा. आदल्या दिवशी मी मुंगीला सांगितलं की उद्या तू काठावर दोर धरायचास.

ती आधी हसली. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून तिचं हसणं गेलं. पुढची फळी कुणासाठी खाली बसवलीस, तिने विचारलं. मी म्हटलं, पुढच्या वेळी बस. ती म्हणाली, पुढच्या वेळी मी इथे असणार आहे का? मी आई लोक करतात तेच केलं, आवाज चढवला.

"तू बसणार नाहीस म्हणजे नाहीस."

"तुझा तुझ्याच कामावर विश्वास नाही," ती म्हणाली.

चोवीस वर्षांत मला कुणी एवढं लागेल असं बोललं नव्हतं. आणि मी ते ऐकून घेतलं.

सकाळी दहाला होडी पाण्यात गेली. स्वच्छ ऊन होतं. दादा आणि त्याच्याकडचे दोघं धरायला आले होते. माझ्या बैठकीजवळ, बाहेरून, मी स्टीलची पट्टी चिकटवली होती. तिचा शून्य आकडा, तळापासून मोजून, बरोबर रंगाखालच्या रिकाम्या होडीच्या रेघेवर. होडी पाण्यावर बसली आणि पाणी शून्याला लागलं. असं, हलकेच. आत तळाला एक थेंबही आला नाही. दादा काठावर उकिडवा बसून बराच वेळ बघत होता. मग त्याने माझ्या पाठीवर एक थाप मारली, जी माझ्या लहानपणी सायकल येऊ लागली तेव्हा मारली होती. मी काही तिथे रडले नाही. घरी जाऊन रडणार होते.

नवरा चढला, मधल्या फळीवर पुढे तोंड करून बसला, वल्हं घेतलं. मी दुसरं वल्हं घेऊन मागे बसले. वाकून पट्टी वाचली.

पंधरा आणि चौदा, एकोणतीस यायला हवं होतं.

अडतीस होतं.

मी काठावर पाहिलं. मुंगी तिथेच होती, तपासनिसाच्या शेजारी, दोर हातात, गाल फुगवून. तपासनीस कागदावर लिहीत होता. त्याने मान वर करून होडीकडे पाहिलं, पेन्सिल हवेत तीनदा हलवली.

"तिघं," तो म्हणाला. "वजन छान विभागलंय. एकदम सपाट बसलीय हो. कुणी बांधली?"

"मी," मी म्हटलं.

खरं तर म्हणायचं होतं की आम्ही दोघंच आहोत. पण त्याने ते विचारलं नव्हतं. आणि जे विचारलं होतं, त्याचं उत्तर द्यायला मी वर्षभर थांबले होते.

७

पुलापर्यंत जाताना मी पुढे पाहिलं नाही. नवऱ्याची पाठ होती मध्ये, रुंद, आणि त्याबद्दल मी पहिल्यांदाच देवाचे आभार मानले. तो शांतपणे वल्हवत होता. होडी सरळ चालली होती. मी पट्टीकडे बघत होते. अडतीस, अडतीस, अडतीस.

पुलाखाली सावली अंगावर आली. दगडी भिंती ओल्या, आवाज घुमणारा. होडी जराशी डावीकडे कलली, कुणी कडेवर पाय दिल्यासारखी. मग वर आली.

एकोणतीस.

पाण्यात काही पडल्याचा आवाज झाला नाही. आम्ही पलीकडच्या उन्हात निघालो. नवऱ्याने वल्हं मांडीवर घेतलं, आणि मागे न वळता म्हणाला,

"अगं, तिला तिथे का उतरवलंस? भिंतीला धरायलासुद्धा काही नाही."

मी मागे वळून पाहिलं. पुलाच्या कमानीतून पलीकडचा काठ दिसत होता, उन्हात, चित्रासारखा. तपासनीस. दादा. आणि मुंगी, दोराचं वेटोळं खांद्यावर, डोळ्यांवर हात धरून आमच्याकडे बघत. माझी मुंगी काठावर होती. कोरडी, रुसलेली, धडधाकट. जे वाचवायचं ते मी वाचवलं होतं.

मग सुटका वाटायला हवी होती. वाटली नाही. पुलाखाली अंधारात, ओल्या भिंतीला पाठ लावून कुणीतरी उभं होतं, शेहेचाळीस किलोचं. ते कोण, कुठून आलं, मला माहीत नाही. पण त्याच्यासाठी रेघ मी मारली होती. नऊ मिलिमीटर जागा मी ठेवली होती, पाय टेकत नाहीत म्हणून फळी खाली बसवली होती. आणि आता तिथे सोडून निघाले होते.

"अहो, वळवा," मी म्हटलं.

होडी जागच्या जागी वळली. अशी वळली की दादाच्या पत्र्याला जमणार नाही. परत सावली आली. मी वल्ह्याने होडी भिंतीशी लावली, घासू दिली नाही. मान वर केली नाही. पट्टीवर नजर ठेवली आणि म्हटलं, हळू आवाजात, जसं पायरी चुकणाऱ्या पोराला म्हणतात तसं,

"ये. मध्ये पाय ठेव. मी धरलीय."

कडेच्या लाकडावर, माझ्यापासून हातभर अंतरावर, एक पंजा येऊन टेकला. ओला. नखं मुळापर्यंत कुरतडलेली.

पाणी पट्टीवर चढत गेलं. तीस. चौतीस. अडतीसला थांबलं. नवऱ्याने न बघता पाय जरा आत घेतले, पुढे जायला वाट दिली.

मी भिंतीला रेटा दिला. आम्ही उन्हात आलो, काठाकडे निघालो. समोर मुंगीने डोळ्यांवरचा हात हळूहळू खाली घेतला, आणि दोर तिच्या खांद्यावरून सुटून पायाशी पडला. ती आमच्या पुढच्या फळीकडे बघत होती. मी वल्हं घट्ट धरून होडी तिच्याच दिशेने सरळ ठेवली. होडी केसभरही कलली नाही.